नमद्याखालची गळती

कणीक अर्धी मळून झाली होती. बिस्मिल्ला म्हणून पिठात हात घातला की गोळा होईतो काढायचा नाही ही माझी सवय. पण मोठे भावजी दारात येऊन उभे राहिले. बूट काढायचंही त्राण नव्हतं त्यांच्यात.

"बुरुल, वाटीभर कोरडं पीठ दे."

"कशाला?"

"गाडीला."

खिडकीशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "दोन आठवडे नुसतं तेल पाजलंस तिला. आता जेवायलाही घाल."

भावजी हसले नाहीत. हे माझे थोरले दीर. नाव मी घेत नाही, या वहीतही लिहीत नाही. सरकारी शेतीच्या ट्रॅक्टर-शेडमध्ये त्यांची वीस वर्षं गेली. शेड बंद पडली आणि गावातली सगळी आजारी इंजिनं आमच्या अंगणात यायला लागली. आता गुडघे गेले, पाठ गेली. बोलतात कमी, हात पुसतात जास्त.

आमचे हे रशियात बांधकामावर आहेत. त्यांची जुनी पिकअप भावजींच्या गळ्यात पडली. गुरुवारी, म्हणजे उद्याच, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, घाटापलीकडे नारिनच्या दवाखान्यात. ही तारीख चुकली तर पुढची वसंतात, आणि तोवर डोळा राहणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. बर्फ पडल्यापासून भाड्याच्या गाड्या घाट चढत नाहीत. आमची चढते, पण बाजारापर्यंत जाऊन आली तरी इंजिनाची एक बाजू तेलानं माखलेली असते, खालच्या तापलेल्या सायलेन्सरवर थेंब पडून धूर येतो. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, टपेट कव्हरचं, पॅकिंग भावजींनी दोनदा बदललं, तरी तेच.

अन्न यंत्रावर उधळायचं म्हणताना माझा हात अडला. मनातल्या मनात क्षमा मागितली आणि वाटी दिली.

त्यांनी इंजिन रॉकेलनं धुतलं, पुसून कोरडं केलं आणि वर पीठ भुरभुरलं. "जिथं ओलं होईल तिथून गळतंय," एवढंच म्हणाले. गाडी चालू केली. अर्धा तास झाला, पीठ पांढरंशुभ्र. भावजी पालथ्या बादलीवर बसले.

"माझ्यासमोर गळतच नाही ती. घाटात गळेल." जरा थांबून म्हणाले, "आईला मी हिच्यात बसवणार नाही, बुरुल. माझ्या हातांचा आता भरवसा नाही."

इंजिन गारठू नये म्हणून हिवाळ्यात आम्ही गाडी चालू असतानाही त्यावर लोकरीचा नमदा पांघरतो. अंगणाच्या भिंतीवर काढून ठेवलेला नमदा उचलला, नेहमीसारखा चारी बाजूंनी नीट खोचला, बॉनेट लावलं आणि दुपारच्या नमाजाला आत गेले. इंजिन चालूच होतं.

सलाम फेरून नमाज संपवला तोच हाक आली. बाहेर गेले तर बॉनेट उघडं, नमद्याचा कोपरा भावजींच्या हातात. कव्हरच्या कडेखाली पिठातून काळा ओघळ उतरलेला.

"ही रबरी नळी बघ. इंजिन हिच्यातून श्वास सोडतं. बॉनेट लावलं की नमदा तिला दाबतो, ती दुमडते. मग आतली हवा तेल घेऊन पॅकिंगमधून बाहेर पडते. मी दर वेळी नमदा काढून ठेवूनच बघत होतो."

माझे कान तापले. नमदा यंदा मीच नवा शिवला होता.

"दुहेरी शिवलास ना?"

"ऊब राहावी म्हणून, भावजी."

"राहिली की."

सासूबाई आतून म्हणाल्या, "सुनेनं पांघरूण घातलं आणि इंजिन गुदमरलं. एवढं कळायला दोन आठवडे लागले माझ्या लेकाला."

मी कात्री आणली आणि नळीवरचा तळहाताएवढा तुकडा कापून टाकला. भावजींनी नळीतला काळा चिखल तारेनं उकरला आणि पुन्हा दुमडू नये म्हणून आत एक जुनी स्प्रिंग सरकवली. ओघळ पुसून नवं पीठ भुरभुरलं. नमदा घालून, बॉनेट लावून पुलापर्यंत दोनदा जाऊन आले. पीठ कोरडं होतं. भावजींनी अल्लाचे आभार मानले आणि पुन्हा बादलीवर बसले, बराच वेळ.

इकडे कणीक वरून वाळली होती. पाण्याचा हात लावून परत मळली, भाकऱ्या केल्या. भावजींनी उभ्यानंच अर्धी भाकरी चहात बुडवून खाल्ली. मी म्हटलं, जरा पडा. "पडलो तर उठणार नाही," म्हणाले, आणि उद्याच्या घाटासाठी पेट्रोल भरून आणायला पंपाकडे निघाले.