काचेच्या तारेची चादर

आमचे मालक हळदीच्या पोत्यांच्या ट्रॉलीवरून पडले आणि कमरेखाली त्यांना काही कळेनासं झालं. चिमटा काढा, मुंगी चावू द्या, काही नाही. डॉक्टर म्हणाले, कूस बदलत राहा. एका जागी दाब राहिला की जखम होते, आणि अशा माणसाला ती जिवावर बेतते.

माझे धाकटे दीर तेव्हा नांदेडला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. काचेच्या तारेनं दाब मोजायचा, हे त्यांचं जुनं वेड. केसाएवढी तार. एका तोंडानं उजेड सोडायचा आणि दुसऱ्या तोंडाला किती पोचला ते बघायचं. मधे दाबलं की उजेड कमी. भावाचं असं झाल्यावर त्यांनी ती तार चादरीत नागमोडी बसवून आणली. ओल्या अंथरुणात विजेची तार चालत नाही, काचेत करंट नसतो, हे मला परत परत समजावलं. मी म्हणलं, "भावजी, एकदा सांगितलं तरी कळतं मला."

भार फार झाला, किंवा एकाच जागी फार वेळ राहिला, की घंटी वाजायची. मी जाऊन कूस बदलायची. उन्हाळाभर अंगाला ओरखडा नाही.

आता आमच्या बाळापुरात आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस काही लांब खुर्चीवर बसत नाही. बाजेवर टेकतो, पायावर हात ठेवतो. टेकला की घंटी. चुलत सासरे म्हणाले, "काहून रे, तुझी बाज मला वळखत न्हाई का?" सगळे हसले, मालकही हसले. पण मग लोक उंबऱ्यातूनच विचारपूस करून जायला लागले.

दीर सुट्टीला आले तेव्हा मालक म्हणाले, "बंद कर ती."

"दादा, पाहुणे गेले की वैनी परत लावतील."

"न्हाई. बंदच ठेव. मानसं येऊ दे."

"तुला कळत न्हाई रे दादा. जखम झाली तर?"

"कळत न्हाई म्हनूनच म्हनून राहिलो. हात लागलेला कळत न्हाई, जवळ बसलेली दिसतात तरी."

दिरांनी स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. लोक परत बाजेवर बसायला लागले. कूस तर मी बदलतच होते, तरी पावसाळ्यात माकडहाडापाशी जखम झाली. ती काही भरली नाही. मालक गेले. मी रडले का, आठवत नाही. रडले नाही म्हणतात. चूल पेटत होती, कोण पेटवत होतं देव जाणे.

तेराव्यानंतर दीर मागं राहिले. मला वाटलं, चादर गुंडाळून नेतील. त्यांनी बटण चालू केलं, तिच्यावर भावासारखे आडवे झाले आणि म्हणाले, "वैनी, जरा टेका इथं. निजलेला मानूस कोन आन् टेकलेला कोन, एवढं हिला शिकवायचं राहिलं."

इतक्या महिन्यांत मी त्या बाजेवर बसले नव्हते. आधी घंटीच्या धाकानं, नंतर सवयीनं. आता टेकले. घंटी वाजली. दिरांनी बटणाकडे हात नेला नाही, आणि मीही उठले नाही.