सदाशिवकाकांची तांबडी कुपी

गारखेड्यात आमच्या गल्लीत पक्की खबर होती, की सदाशिवकाकांनी बायकोचा जीव काचेच्या कुपीत कोंडून ठेवलाय. दूधवाल्या सरूबाईच्या आवाजात ऐका: "दुपारी लई लाल व्हती बघा, अन् सकाळी फिक्की. म्या सोता बघितलं." हा आवाज मी शाळेत दहादा काढून दाखवलाय.

खबर साफ खोटी. काका एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत लॅब असिस्टंट होते. कुपी तिथलीच, तोंड वितळवून कायमचं बंद केलेली. आत विषारी वायू. भानुमतीकाकू गेल्यापासून ती खिडकीत असते, आणि काका तिच्याशी बोलतात, एवढं मात्र खरं.

दिवाळीनंतर मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता. काका तयार नव्हते. तुझं ऐकतील म्हणून मुलानं मलाच गळ घातली. मग मी पैज लावली: कुपी बर्फात ठेवू. रंग पुरता गेला तर काकांनी पुण्याला जायचं, उरला तर ते सांगतील ते मी करायचं.

रसवंतीवरून बर्फ आणला. काका प्रोफेसरांच्या सुरात समजावत होते, आणि मागोमाग मी काकांच्या सुरात. आतले कण जोडीनं असले की रंग नसतो, सुटे झाले की तांबडे. उन्हात सुटे वाढतात, गारव्यात जोड्या. पण जुळणं आणि सुटणं दोन्ही चालूच असतं. दोन्हींचा वेग सारखा झाला, की बाहेरून सगळं थांबल्यासारखं दिसतं.

अर्ध्या तासानं कुपी पाण्यासारखी झाली. मी तिथंच नाचलो. काकांनी ती धोतरानं पुसली आणि मागं कोरा कागद धरला. पिवळट झाक होती. चांगलीच होती.

"सगळे कधीच जुळत नाहीत रे," काका म्हणाले. "काही सुटे राहतातच."

पुण्यात सगळे सकाळीच कामाला जातात, तिथंही दिवसभर आपण एकटेच, मग इथं काय वाईट, असंही ते म्हणाले. आणि पैज वसूल केली. काकूंचा आवाज काढ म्हणाले.

काकू असताना मी त्यांच्यासमोरच तो काढायचो, त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या गेल्यावर एकदाही काढला नव्हता. स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

"अहो, चहा निवतोय."

"आलो," बाहेरून आवाज आला. मी बराच वेळ उभा होतो. काका आले नाहीत.