कॅप्टन नसलेले अण्णा

संकपाळ अण्णा काम संपलं म्हणून उठत नसत. हत्यारं मोजून झाली म्हणून उठत. आमच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला, पाणी नीट यायला लागलं, मी चहा ओतला, तरी ते फरशीवर मांडी घालून बसलेलेच. पुढ्यात हिरव्या कॅनव्हासचा एक तुकडा पसरलेला असे. त्यावर प्रत्येक पान्याचा, पकडीचा, स्क्रूड्रायव्हरचा आकार पांढऱ्या ऑइलपेंटने रेखलेला. वापरून झालेलं हत्यार पुसून आपापल्या आकारात ठेवायचं. एक जरी आकार रिकामा दिसला तरी अण्णा कपाला हात लावत नसत.

"अण्णा, चहा निवतोय."

"निवू दे की ओ अक्का. चहा परत तापवता येतोय."

ईशान आणि मीरा, तुम्ही दोघं मुलं परदेशी गेलात त्यानंतर ते इथे बंगळूरला, आमच्या बसवनगुडीच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले. बरोबर मुलगी सुनंदा आणि सुनंदाची मुलगी गौरी. सुनंदाचे यजमान लवकर गेले होते. अण्णा मूळचे निपाणीचे. मिसरूड नीट फुटायच्या आत हवाई दलात टेक्निशियन म्हणून भरती झाले आणि सगळी तरुणाई त्यांनी विमानांच्या पोटाखाली काढली. बोलणं सीमाभागातलं, अर्ध्यात कानडी मिसळलेलं. माझं पुणेरी मराठी ऐकून ते सुरुवातीला फार अदबीने वागत. आठवड्याभरात ती अदब संपली आणि माझ्या मिक्सरची वायर मी कशी गुंडाळते यावरून मला बोलणी बसली.

अण्णा गोड माणूस नव्हते, हे आधीच सांगते. लिफ्टच्या माणसावर ओरडत, पेपरवाल्यावर ओरडत, इथल्या शिवाजीनगरच्या जुन्या बाजारातून पाना आणला की दुकानदाराने कसं फसवायला पाहिलं ते पुन्हा पुन्हा ऐकवत. पण त्यांनी हात लावलेली वस्तू पुन्हा बिघडली असं मला आठवत नाही. काम झालं की म्हणत, "सही केली म्हणजे मान दिली." विमानाचं काम झालं की टेक्निशियनने कागदावर सही करायची, मगच वैमानिक आत बसणार. सही तुमची आणि जीव त्याचा. एवढाच त्या वाक्याचा अर्थ.

आता ज्या गोष्टीचा मला अजूनही संताप येतो ती सांगते.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी टिकेकर. मोठ्या सरकारी कारखान्यात साहेब होते, निवृत्त झाले तरी साहेबपण उतरलं नाही. एका सव्वीस जानेवारीला त्यांनी अण्णांचा सत्कार ठरवला. शाल, नारळ, खुर्ची, माइक, सगळं झालं. आणि मागच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, "कॅप्टन संकपाळ यांचा हृद्य सत्कार".

अण्णांनी फलक वाचला. शाल खांद्यावरून काढून नीट घडी करून खुर्चीवर ठेवली आणि माइक हातात घेतला.

"मी कॅप्टन न्हवं. मी टेक्निशियन. पाना फिरवत होतो. कॅप्टनचा सत्कार करायचा असंल तर कॅप्टन शोधून आणा."

टिकेकर हसत हसत पुढे आले. "अहो अण्णा, तेवढं चालतं हो. लोकांना टेक्निशियन म्हटलं की एसी दुरुस्त करणारा वाटतो. तुमचाच मान राखायला केलं."

"माझा मान ऱ्हाऊ दे माझ्याजवळ. फलक तुमचा तुम्ही दुरुस्त करा."

लोक हसले, टाळ्याही पडल्या. फलक मात्र तसाच राहिला, फोटोही त्याच्यासमोरच निघाले. देशासाठी राबलेला माणूस हवा, पण त्याच्या हाताला लागलेलं ग्रीस नको. ते झाकायला पदवी चिकटवायची आणि वर त्यालाच उपकार म्हणून सांगायचं! मी त्या दिवशी लाडू न घेता घरी आले.

त्याच वर्षी गौरीचा मेकॅनिकल डिप्लोमा झाला आणि तिने कुणाला न विचारता हवाई दलाची परीक्षा दिली. इंग्रजीची तयारी माझ्याकडे केली होती. मला वाटलं, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीच्या मुलाखतीसाठी असेल. निवड झाल्याचं कळलं तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं. एकीकडे पीण्यातली नोकरी, रोज रात्री घरी येता येणारी. दुसरीकडे चार वर्षांची भरती. चार वर्षांनी थोड्यांना ठेवायचं, बाकीच्यांना परत पाठवायचं.

सुनंदा माझ्याकडे येऊन रडली. "अक्का, चोविसाव्या वर्षी परत पाठवली तर कोण विचारणार तिला? ना नोकरी, ना स्थळ. तुमचं ऐकते ती. सांगा ना."

मी सांगितलं. मुलीच्या आयुष्यातली सर्वांत कसदार चार वर्षं घ्यायची आणि मग 'धन्यवाद, या आता' म्हणायचं, हा कुठला न्याय, असं मी गौरीला स्पष्ट विचारलं. आजही विचारीन. टिकेकर जिन्यात भेटले ते वेगळंच बोलले. "अगं, जायचंच तर ऑफिसर हो. पाने फिरवायला कशाला जातेस?" सत्काराची शाल त्यांनीच दिली होती, हे लक्षात ठेवा.

गौरी कुणाशीच वाद घालत नव्हती. अण्णांकडे बघत होती. आणि अण्णा, जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेले अण्णा, याच एका बाबतीत तोंड उघडत नव्हते.

मी त्यांच्यावर चिडले. "तुम्ही आयुष्य घालवलंत तिथे. तुम्ही नाही तर कोण सांगणार? हो म्हणा, नाही तर नको म्हणा."

"माझी भरती माझ्या पोटासाठी होती ओ अक्का. तिची कशासाठी हाय ते तिला कळू दे."

उत्तर द्यायची मुदत संपत आली होती. अशात एका रविवारी सकाळी गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर बंद पडली. उन्हाळा, टाकी रिकामी, टँकर संध्याकाळशिवाय येणार नाही. अण्णांचे गुडघे तोवर धरले होते, म्हणून ते स्टुलावर बसले आणि गौरीने मोटर उघडली. बेअरिंग बदललं, मागचं पंख्याचं झाकण बसवलं. भोवती बादल्या घेऊन माणसं उभी. तिसऱ्या मजल्यावरच्या शारदम्मा सारख्या विचारत, "अण्णा, स्वल्प लवकर होईल का?"

काम झालं. गौरीने हत्यारं कॅनव्हासवर ठेवली. दहा नंबरच्या पान्याचा आकार रिकामा राहिला.

तिने आजूबाजूला पाहिलं. मोटरखाली, पाइपामागे, चिंध्यांत. पाना नव्हता. टिकेकरांनी स्विचकडे हात नेला, तशी गौरी आडवी उभी राहिली.

"काका, थांबा. पाना सापडत नाहीये."

"अगं सापडेल नंतर. लोकांना पाणी नाही, तुला पाना पडलाय."

"झाकणाच्या आत राहिला असेल तर पंखा तुटेल."

"तूच बसवलंस ना झाकण आत्ता? तुला दिसला का आत?"

"दिसला नाही. पण मोजून पुरा होत नाही."

टिकेकर अण्णांकडे वळले. "अण्णा, सांगा हो हिला. ही मोटर आहे, विमान नव्हे."

अण्णा स्टुलावरून म्हणाले, "काम तिचं हाय. तिला इचारा."

गौरीने फ्यूज काढला, कुर्त्याच्या खिशात टाकला आणि झाकण पुन्हा उघडायला बसली. मग जे ऐकावं लागलं ते मी इथे सगळं लिहीत नाही. 'आतापासूनच मिलिटरी', 'हिच्या नवऱ्याचं काही खरं नाही', 'आजोबांचा हेकटपणा नातीत उतरलाय'. बोलणारी सगळी आपलीच माणसं, सणाला हिच्या आईच्या हातच्या पुरणपोळ्या खाणारी. सुनंदा दारात उभी राहून म्हणत होती, "गौरी, पुरे गं, लोक काय म्हणतायत बघ." गौरीचे कान लाल झाले होते, पण हात सावकाश चालले होते. झाकणाच्या आत काही नव्हतं. तिने ते बसवलं आणि पुन्हा शोधायला लागली.

पाना जिन्याखाली उभ्या असलेल्या सायकलच्या कॅरिअरवर सापडला. मधे एक फोन आला होता, तो घ्यायला गौरी तिकडे गेली होती आणि पाना तिथेच ठेवून आली होती. चूक तिचीच.

मग तर हसू आवरेना लोकांना. टिकेकर म्हणाले, "एवढ्यासाठी सगळ्यांना तहानलेलं ठेवलंस?"

"हो, एवढ्यासाठीच," गौरी म्हणाली. पाना पुसून तिने त्याच्या आकारात ठेवला, फ्यूज लावला आणि मोटर चालू केली.

त्या संध्याकाळी मी अण्णांकडे बसले होते. गौरी म्हणाली, "मी जाते आहे." सुनंदाने पदर डोळ्यांना लावला. "अण्णा, आता तरी बोला."

अण्णा बोलले. निवृत्त झाल्यावर ते इथल्याच एका खासगी वर्कशॉपमध्ये लागले होते, एवढं आम्हाला माहीत होतं. का सोडलं ते माहीत नव्हतं.

"एका मशिनचं काम अर्धं ऱ्हायलं होतं. गिऱ्हाईक दारात. मॅनेजर म्हणाला, सही करा, उद्या बघू. मी केली न्हाई. शेजारच्यानं केली. मला कुणी शिवी दिली न्हाई, चहा पाजला. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची गेटजवळ नेऊन ठेवली." पुढे म्हणाले, "विमानावर हत्यार कमी पडलं की साहेब आईबहीण काढायचा. लई शिव्या. पण विमान थांबायचं. आपण न्हाई म्हणालो की ते उडत न्हवतं. गौरी, सही करणारे गल्लीगल्लीत मिळतात. न करणारं माणूस लागतंय. आज बघितलं मी, तुला जमतंय. जा."

सुनंदा म्हणाली, "आणि चार वर्षांनी?"

"चार वर्षांनी पाठवलं परत तर ती ते 'न्हाई' म्हणणं घेऊन येईल बरोबर."

मला राहवलं नाही. "अण्णा, बोलायला छान आहे. पण त्या 'नाही'ला नोकरी कोण देणार? तुमची खुर्ची गेटजवळ नेली, तिची कुठे नेतील?"

अण्णा मग म्हणाले, "ते तुम्ही इचारत ऱ्हावा, अक्का. सगळ्यांना इचारत ऱ्हावा. माझ्याकडं उत्तर न्हाई."

गौरी गेली. निघताना अण्णांनी तिला कॅनव्हास दिला नाही. "तिथं तुझा वेगळा मिळंल. ह्यो माझा."

दीड वर्षाने थंडीत अण्णा गेले. झोपेत, तक्रार करायलाही कुणी समोर नसताना. हे त्यांना मुळीच आवडलं नसतं. गौरीला पोचायला तिसरा दिवस उजाडला. आली, आईजवळ बसली, मग आतून हिरवा कॅनव्हास आणून जमिनीवर पसरला. हत्यारं एकेक करून ठेवली. सगळे आकार भरले, तेव्हा ती रडली.

त्याच आठवड्यात टिकेकरांनी सोसायटीचा शोकठराव टाइप करून घरोघर सह्यांसाठी फिरवला. माझ्याकडे आला तेव्हा त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. पहिली ओळ होती, 'आपल्या इमारतीचे भूषण कॅप्टन संकपाळ यांच्या निधनाने'.

मी कागद परत दिला. "हे दुरुस्त करा."

"अहो वहिनी, गेलेल्या माणसाचा तेवढा मोठेपणा..."

"ते टेक्निशियन होते. तुम्हाला माइकवरून सांगून झालंय त्यांनी."

"सगळ्यांनी केली हो सही. एका शब्दासाठी आता पुन्हा कुठे फिरू?"

"फिरा. मी करणार नाही."

आठवडाभर तो कागद अडला. टिकेकर जिन्यात माझ्याशी बोलेनासे झाले, शारदम्मांनी मला समजावून पाहिलं. शेवटी नवा ठराव आला. 'हवाई दलातील टेक्निशियन श्री. संकपाळ'. मी चष्मा लावून सबंध वाचला आणि सही केली. तो आता सुनंदाच्या बैठकीत फ्रेममध्ये आहे.

गेल्या महिन्यात गौरी रजेवर आली होती. तिला ठेवणार की परत पाठवणार हे पुढच्या वर्षी ठरेल. त्या 'नाही'ला नोकरी कोण देणार, हा प्रश्न अण्णांनी सांगितल्याप्रमाणे मी येईल त्याला विचारते. ती ठरावासमोर उभी राहिली, सगळ्या सह्यांवरून तिने नजर फिरवली आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"आई सांगत होती, तुम्ही आठवडाभर अडवलात म्हणे."

"हो."

"एवढ्यासाठी?"

मी म्हटलं, "हो, एवढ्यासाठीच."

चहा केव्हाचा निवला होता. तिने तो उचलला आणि परत तापवायला आत घेऊन गेली.