कॅप्टन झरा आणि शोषासुराची वाटणी

आमच्या शहरात पाणी साठवावं लागायचं, किस्से आपोआप साठायचे. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे आलं की घरातली वाट्या-पेल्यांपर्यंतची भांडी भरून ठेवायची. किस्स्यांसाठी कुणी हंडा लावला नव्हता, तरी आज चार जुनी माणसं भेटली की ते पुरून उरतात. माझ्याकडचे सगळे 'खडक कॉमिक्स'चे आहेत. औरंगपुऱ्यात एका प्रेसच्या माडीवर एक खोली होती आणि त्यात आम्ही तिघं. मुळेसर गोष्ट लिहायचे, खरातदादा चित्रं काढायचे आणि मी, सुमन, चित्रातल्या माणसांच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यांत अक्षरं भरायचे. कॉम्प्युटर अजून यायचे होते आणि माझं अक्षर बरं होतं. दोघं पुरुष एकमेकांना अहो-जाहो करायचे, मला मात्र अगं-तुगं.

आमचा हीरो कॅप्टन झरा. जमिनीला कान लावला की त्याला खालचं पाणी ऐकू यायचं. दुष्काळी मुलखाला दुसरा कसला हीरो शोभणार? व्हिलन होता शोषासुर. तो एका दमात विहीर प्यायचा आणि तरी तहानलेलाच राहायचा. दर अंकात मारामारीच्या आधी कॅप्टन त्याच्यापुढे तांब्या धरायचा. "आधी पाणी पी, मग लढू." दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय आपल्याकडे भांडणसुद्धा सुरू होत नाही, असं मुळेसरांचं म्हणणं. शोषासुर तांब्या रिकामा करून एकच शब्द बोलायचा, "अजून." खरातदादा मोजकं बोलणारे, त्यांनी व्हिलनलाही तेवढंच बोलू दिलं. लासूरपासून गंगापूरपर्यंत पोरं हेच म्हणत पाणी प्यायची.

*

भांडण झालं ते किमतीवरून. मुंबईची गुळगुळीत रंगीत कॉमिक्स स्टॉलवर लटकायला लागली, थिएटरात परदेशी सुपरहीरोंचे सिनेमे यायला लागले. मुळेसर म्हणाले, "आपणही चकचकीत कव्हर करू आणि किंमत तीन रुपये ठेवू. स्वस्त वस्तूला कोण विचारतं?"

खरातदादा ब्रश धूत होते. "लासूरच्या ष्टँडवर पोरगं दोन रुपये मुठीत धरून उभं ऱ्हातं, मास्तर. तिसरा कुठून आणंल?"

"त्याला शेजारी मुंबईचं दिसतं ना?"

"दिसू द्या. बघायला पैसे नाय पडत."

एवढ्यावरून दोन शहाणी माणसं वेगळी झाली! वाटणी माझ्यासमोर झाली. टेबल सरांना, टेबललॅम्प दादांना. कॅप्टन झरा सरांना, कारण तो त्यांना सुचला होता. शोषासुर दादांना, कारण त्याचा चेहरा त्यांनी आरशात बघून काढला होता. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"मला कापू नका," मी म्हटलं, "मी दोन्हीकडे येते."

तेव्हापासून सकाळी मी सरांच्या 'नव्या खडक कॉमिक्स'मध्ये आणि दुपारी दादांच्या 'अस्सल खडक कॉमिक्स'मध्ये. एकाची किंमत तीन रुपये, दुसऱ्याची दोन.

*

बोलणं बंद झालं ते झालंच. एकमेकांचं नावसुद्धा घेत नसत. पण सकाळी मी शाईची बाटली उघडली की सर पाठमोरे राहून विचारायचे, "शोषासुराचा खोकला कसा आहे?"

दुपारी दादा विचारायचे, "कॅप्टन जेवतो का टायमावर? का नुसता चहा?"

"कॅप्टनला डॉक्टरांनी चहा बंद केलाय."

"मंग बरंय."

एकदा मी वैतागून म्हटलं, "दादा, दहा मिनिटांचा रस्ता आहे. जाऊन विचारा ना." दादांनी ब्रश खाली ठेवला. "मी कशाला जाऊ? व्हिलन कधी कुणाच्या घरी जातो व्हय?"

मी तिथं हसले. घरी भाकरी थापताना मात्र मला फार वाईट वाटलं.

*

खरी पंचाईत पानांवर होती. सरांनी नवा चित्रकार आणला, तो सलूनच्या पाट्या रंगवायचा. त्यामुळे कॅप्टन झरा दर फ्रेममध्ये आत्ताच केस कापून आल्यासारखा दिसायला लागला. दरीत कोसळतानाही भांग जागच्या जागी. शिवाय तांब्या कुणापुढे धरायचा? सरांनी मगर आणली, रॉकेटमधून आलेला माणूस आणला, पण कुणाला "अजून" म्हणता येईना.

तिकडे दादांचा शोषासुर सोळा पानं विहिरीमागून विहिरी पीत फिरायचा. "अजून. अजून. अजून." तांब्या घेऊन समोर कुणीच यायचं नाही. तो शब्द लिहून लिहून माझी बोटं दुखायची.

मग कानावर आलं की दोन्ही कॉमिक्स लासूर स्टेशनच्या एका स्टॉलवरच सगळ्यात जास्त खपतात. खोलात गेल्यावर कळलं, स्टॉलवाला दोन्ही अंक एकावर एक ठेवून रबर लावायचा आणि 'जोडी' म्हणून साडेचार रुपयांना विकायचा. आपल्या कमिशनमधून आठ आणे सोडायचा. किमतीचा असा अपमान! जाब विचारायला दोघंही निघाले आणि नेमके एकाच एसटीत भेटले. सर पुढच्या सीटवर, दादा शेवटच्या, आणि मी मध्ये दांडीला धरून उभी.

स्टॉलवाल्यानं दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, सुटं कुणी घेतच नाय," तो म्हणाला. "पोरं एक पान इकडचं वाचतेत, एक तिकडचं. मंग कुठं गोष्ट लागती."

परतीच्या एसटीत दोघंही खिडकीबाहेर बघत होते. सगळं रान करपलेलं होतं, बघण्यासारखं काही नव्हतं.

*

आपलाही सुपरहीरोचा सिनेमा पाहिजे, हे सरांच्या डोक्यात बसलं. लग्नाचे व्हिडिओ काढणारा एकजण कॅमेऱ्यासकट आणला. बँकेतला एक कारकून निळ्या बनियनवर पडद्याचं कापड बांधून कॅप्टन झाला. शेवटच्या सीनला कॅप्टन खडकावर बुक्की मारणार आणि पाण्याचा लोंढा फुटणार. त्यासाठी गारखेड्याकडच्या खदानीत टँकर मागवला.

तेव्हा तिकडे नव्या वसाहती उठत होत्या. घरं बांधून झाली होती, नळ यायचे होते. टँकर दिसताच बायका हंडे घेऊन धावल्या. कॅप्टननं दोन्ही हात पसरून अडवायचा प्रयत्न केला.

"ओ, मध्ये मध्ये करू नका," एक बाई म्हणाली. "आणि रिकामेच उभे राहणार असाल तर तो पाइप धरा."

त्यानं पाइप धरला! सर "ॲक्शन" म्हणेपर्यंत टँकर खडखडीत झाला होता. कॅमेरा मात्र चालूच राहिला होता. त्यामुळे सिनेमाच्या शेवटी कॅप्टन झरा एकेक हंडा भरून देतोय, एका म्हातारीच्या डोक्यावर चढवून देतोय, एवढंच दिसतं. तोच भाग लोकांना सगळ्यात आवडला.

*

हे ऐकून दादांनीही सिनेमा काढला. त्यांना खर्चच नव्हता. "दुष्काळ फुकट हाय," ते म्हणाले. अंगाला कोळसा फासून स्वतःच शोषासुर झाले आणि भेगाळलेल्या तळ्यातून चालत राहिले.

दोघांचा खेळ एकाच संध्याकाळी, उस्मानपुऱ्याच्या एकाच मैदानावर पडला. माघार कोण घेणार? एका टोकाला पडदा म्हणून सरांची चादर, दुसऱ्या टोकाला दादांची. पोरं मधोमध बसली. इकडे शोषासुर "अजून" म्हणाला की सगळी पोरं गर्रकन वळायची आणि तिकडच्या चादरीकडे ओरडायची, "कॅप्टन, पाणी द्या त्याला!"

गर्दीत मी सरांना शोधलं. त्यांनी खुर्ची फिरवून ठेवली होती आणि ते दादांची चादर बघत होते. दादा कुठे उभे होते ते मला दिसलं नाही.

*

पुढे दोन्ही खडक एकाच उन्हाळ्यात बंद पडले. पोरं टीव्हीकडे गेली, कॉम्प्युटर आले आणि माझ्या अक्षराचं काम संपलं. खदानीच्या जागी आता सात मजली इमारती आहेत. औरंगपुऱ्यावरून जाताना मी अजूनही त्या माडीकडे बघते. तिथं मोबाइलचं दुकान झालंय. त्या खोलीतला शाईचा वास आणि दोघांची कुरबुर एकदा तरी पुन्हा मिळावी, असं मला फार वाटायचं.

आणि अलीकडच्या एका दुष्काळात मुंबईहून एक सिनेमावाला आला. लहानपणी लासूरला त्यानं आमची जोडी वाचली होती. त्याला मोठ्या पडद्यावर सिनेमा करायचा होता, पण दोघं मिळूनच हवे होते, सुटं नको. मी कराराचे कागद घेऊन दोन्ही घरी फिरले.

सर म्हणाले, "शोषासुराला आधी सही करू दे."

दादा म्हणाले, "आधी कॅप्टननं."

सिनेमावाला रविवारपर्यंत थांबणार होता. रविवारी सकाळी मी सरांकडे शेवटचं विचारायला गेले. कागद टीपॉयवर तसेच सहीशिवाय पडले होते. नळाला आठवडाभर पाणी नव्हतं, सरांच्या बायकोनं, काकूंनी, प्यायचं म्हणून एक कळशी तेवढी झाकून ठेवली होती. इतक्यात बेल वाजली. दारात खरातदादा. तीन जिने चढून छाती भात्यासारखी हलत होती.

"मास्तर," ते चौकट धरून म्हणाले, "भांडायला आलोय. दोन रुपयंच बरोबर व्हते."

सर उठले. आत गेले. आतून कळशीवरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात तांब्या होता.

"आधी पाणी पी," सर म्हणाले, "मग लढू."

दादांनी उभ्याउभ्याच, वरून धार धरून सगळा तांब्या संपवला. एक थेंब खाली सांडला नाही. मिशा पुसल्या आणि रिकामा तांब्या सरांपुढे धरला.

"अजून."