कुजा मीरवी?

इंगोले सरांची आणि माझी ओळख महागाव-पुसद एसटीत झाली. महागावला माझं औषधांचं दुकान. माल आणायला निघालो होतो. शेजारच्या गृहस्थांनी एकाएकी विचारलं, "कुजा मीरवी?" मी म्हटलं, "आँ?" ते हसले. "कुठं चालला, असं इचारून राह्यलो. फारसी हाय. म्हन, ब बाजार मीरवम. बाजार हा शब्द तं तुहाच हाय, मीरवम तेवढं माह्याजवळून घे."

पुसद येईपर्यंत मीरवम, मीरवी, मीरवद, म्हणजे मी जातो, तू जातोस, तो जातो, एवढं तोंडपाठ झालं होतं. सरांचं सारं व्याकरण या एका प्रश्नात आहे. काल कुठं गेलतास, उद्या कुठं जाशील, कोणासंगं, कायले? प्रश्न वाढत जातो, तशी भाषा येत जाते.

शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर सरांनी दर रविवारी घरच्या ओसरीवर फुकट वर्ग चालवला. सुरुवातीला ओसरी भरायची. मग कोणीतरी विचारलं, "याच्यानं नोकरी लागते का सर?" सरांना खोटं बोलता येत नाही. "नाही लागत," म्हणाले. झालं, ओसरी रिकामी; उरलो मी एकटा. आज सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरव समितीत मिरवणारे निम्मे लोक तिथूनच उठून गेलेले. या गौरवग्रंथात असं लिहू नये म्हणतात, पण लिहितो.

माझे वडील यवतमाळच्या दवाखान्यात वारले, तेव्हा सर पहिल्या गाडीनं आले. मी बाहेर पायरीवर नुसता बसून होतो. त्यांनी सांत्वन-बिंत्वन काही केलं नाही. शेजारी बसून हळूच विचारलं, "कुजा मीरवी?" माझ्या तोंडून निघालं, "ब खाना मीरवीम." आम्ही घरी जातो. तेव्हा कुठे मला रडू फुटलं. सर गाडीची व्यवस्था बघायला उठले.

आता सरांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत आणि कान जवळजवळ गेले आहेत. यंत्र लावून पाहिलं, नुसती खरखर येते म्हणून काढून ठेवलं. आमच्या भागात हा प्रश्न विचारणारे ते एकटे आणि उत्तर देणारा मी एकटा. मीही साठीला टेकलो. मुलीला शिकवायला बसलो, तर ती म्हणाली, "बाबा, बोलू कोनाशी?" सत्काराला मांडव भरेल, शालींचा ढीग पडेल, आणि इथली फारसी आम्हा दोघांबरोबर संपेल. समितीनं चार आशेचे शब्द लिहा म्हणून कळवलं आहे. ते माझ्याकडे नाहीत.

गेल्या रविवारी ओसरीवर गेलो. ओठ दिसतील असा समोर बसलो आणि मीच विचारलं, "शुमा कुजा मीरवीद?" आपण कुठं निघालात? सर ओठांकडे नुसते पाहत राहिले. मला वाटलं, संपलं, हेही गेलं. मग ते सावकाश म्हणाले, "हीच जा नमीरवम." कुठंच जात नाही.

सर, आपण आजवर खोटं बोलला नाहीत, हेही खरं करा. प्रकृती सांभाळा, खूप जगा. आपल्यामागं मला कोणी विचारायचं नाही, कुठं चाललास म्हणून.