ओठांमागून येणारा आवाज

हर्सूलच्या आमच्या घरी वायरलेस स्पीकरवर टीव्हीचा आवाज पडद्यावरच्या ओठांच्या जरा मागून यायचा, म्हणून मी एका मेकॅनिकला बोलावलं. आल्याआल्या त्यानं वायफायचा पासवर्ड मागितला, तेव्हाच मला शंका आली. मग तो टीव्ही सोडून माझ्या वडिलांकडंच टक लावून बघू लागला.

"बाबा दिवसभर एकटेच असतात का घरी?"

"तुम्हाला कशाला पाहिजे?" असं म्हणून मी दारातच उभा राहिलो.

तो चिडला नाही. सेटिंग बदलून जमेना, तेव्हा त्यानं पिशवीतून वायर काढून स्पीकर थेट टीव्हीला जोडला. ओठ आणि आवाज जुळले आणि कितीतरी दिवसांनी बाबा विनोदावर खळखळून हसले.

जाताना बाबांकडं पाठ करून तो म्हणाला, "वायरलेसमध्ये आवाज थोडा मागं राहतोच. आपल्याला चालतं, पण त्यांना नाय चालत. ते ओठ बघून समजून घेतात. माझी आई बी असंच लपवायची. एकटे असले तर बेल तरी ऐकू येते का, बघा."

माझा विश्वास बसेना. मी बाबांच्या मागं जाऊन मोठ्यानं हाक मारली. ते टीव्हीच बघत राहिले.