ट्रकमध्ये बदललेला कोच

दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास आला की मला दिवाळीनंतरची ती सकाळ आठवते. शिरूरहून ऊसतोडीला निघालेल्या ट्रकमध्ये आम्ही बाजरीच्या पोत्यांवर दाटीवाटीनं बसलो होतो. गावचा कबड्डी संघ त्या वर्षीही पहिल्याच फेरीत हरला होता आणि खेळाडू, बघे, सगळे त्याच ट्रकमध्ये होते. "कोच लई म्हातारा झालाय, काढा त्याला," एक जण म्हणाला. "आन् आणायचा कुणाला बे?" गुडघ्याला मलम चोळत आमचा चढाई करणारा गडी म्हणाला. वाद पेंगत पेंगत चालला होता. शेवटी ठरलं, कोच बदलायचा. तेवढ्यात पुढच्या वस्तीवर ट्रक थांबला आणि पोत्यात गुंडाळलेला कोयता घेऊन, बायकोला हात देत कोचच वर चढले. सगळ्यांनी सरकून जागा केली. "तुमी हितं कावून, सर?" मी विचारलं. "समदा संघ हितं बसलाय," ते म्हणाले, "गावात सराव कुणाचा घेऊ?" मग त्यांनी त्या गड्याच्या हातातली डबी घेतली आणि स्वतःच त्याचा गुडघा चोळू लागले. आता गुडघा माझाही दुखतो. गावानं त्यानंतर पुष्कळ कोच बदलले. दिवाळी सरली की मैदानात अजून शेरडंच चरतात.